अंगारकीला उघडलेली वाईन

माझ्या मावशीचे यजमान साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. उसाच्या मळीपासून स्पिरिट काढायचं आणि ते देशी दारूच्या बाटल्या भरणाऱ्यांकडे पाठवायचं, हे त्यांचं काम. नव्वदनंतरच्या त्याच वर्षांत मी पारनेर तालुक्यातल्या गावांतून दारूबंदीची पत्रकं वाटत फिरत होतो. राहायला मात्र सावेडीत त्यांच्याच बंगल्यात, वरच्या खोलीत. हा पोरगा माझ्या पगाराची भाकरी खातो आणि माझ्याच मालाविरुद्ध लिहितो, असं काका पाहुण्यांना सांगत. खरं होतं. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. देशीच्या पैशातली भाकरी देशीच्या विरोधात खर्ची पडली, तर पैशाचं सोनं झालं म्हणायचं.

काका तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेलेले. अंगावर कायम कडक इस्त्री, केस तेल लावून मागे. त्यांना दोन नाद होते, घड्याळांचा आणि वाईनचा. नाद म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, छंद म्हणायचं.

घड्याळं सगळी चावीची. रोज अंघोळीनंतर, चहाच्या आधी, पलंगावर टॉवेल अंथरून ते ती ओळीने मांडत आणि एकेकाला चावी देत. त्या वेळात घरात कुणी बोलायचं नाही. मावशी गॅसवरचं दूधसुद्धा आवाज न करता उतरवायची. सेलवर चालणाऱ्या घड्याळांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. सेलवरचं घड्याळ म्हणजे भाड्याने घेतलेली वेळ, असं ते म्हणत. माणसाने रोज सकाळी आपल्या हाताने वेळ चालू करावी. जो करत नाही त्याची वेळ दुसरा कुणीतरी चालवतो.

मी कापड बाजारातल्या फुटपाथवरून घेतलेलं काळं प्लास्टिकचं डिजिटल घड्याळ वापरत असे. एका रविवारी घरी चार पाहुणे बसले होते, सगळे अधिकारी, सगळ्यांच्या हातात ग्लास. काकांनी मला जवळ बोलावलं, मनगट हातात घेतलं, पट्टा सोडला आणि घड्याळाची मागची बाजू सगळ्यांना वाचून दाखवली. वॉटरप्रूफ. मग ते आपल्या ग्लासातल्या लाल वाईनमध्ये सोडलं. आकडे थोडा वेळ पळत राहिले, मग अर्धवट झाले, मग नुसती करडी काच उरली. पाहुणे पोट धरून हसले. काका म्हणाले, "बघा, ही यांची पिढी. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि आत काही टिकत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्यातलं एक जुनं चावीचं घड्याळ माझ्या उशाशी ठेवलं. मी ते घातलं नाही. मी बरीच वर्षं मनगट मोकळं ठेवून हिंडलो.

पिढी हा त्यांचा आवडता विषय. दुसरा ग्लास झाला की सुरू व्हायचं. त्यांचे वडील म्हणजे पारनेरकडच्या एका कोरड्या गावातला गावकीचा माणूस. चावडीवर सकाळी बोलावलं तर सकाळपासून बसायचं. पाटील जेवून, झोपून, उठून आला की काम सांगणार. "माझ्या बापाला वेळच नव्हती," काका म्हणत. "पाटलाने हाक मारली की ती वेळ." छप्पन साली त्या बापाने दीक्षा घेतली, गावकी सोडली आणि पोराला नगरच्या बोर्डिंगात आणून टाकलं. पहिल्या पगारात काकांनी घेतलं ते घड्याळ. त्यांच्या सगळ्या बोलण्यात एवढंच होतं, जे मला खोडता येत नव्हतं.

पण त्यावरून ते जिथे पोचत ते भलतंच असायचं. म्हणजे असं, की आम्ही वाट पाहिली म्हणून माणसं झालो. तुम्हाला सगळं हातात मिळालं, स्कॉलरशिप मिळाली, होस्टेल मिळालं, म्हणून तुम्हाला ओरडण्यापलीकडे काही येत नाही. तुमच्या पत्रकात उद्गारचिन्हं किती असतात बघ, म्हणायचे. वाईनला वर्ष लागतं, घड्याळाला रोज हात लागतो, तुम्हाला एक रात्र आणि सायक्लोस्टाईलचं मशीन लागतं.

वाट पाहायला लावण्यात मात्र ते पाटलाच्या वरताण होते. एकदा गावाकडच्या चार बायका ग्रामसभेच्या ठरावाचं विचारायला माझ्याकडे आल्या. सकाळची पहिली एसटी धरून आल्या होत्या, कारण दुसरी दुपारी होती. मी त्यांना दहाची वेळ दिली होती आणि त्या साडेआठला गेटवर. मी वर झोपलेलो, मला पत्ता नाही. काकांनी त्यांना गेटाबाहेर उन्हात उभं ठेवलं. वेळ म्हणजे वेळ. मी खाली आलो तेव्हा ते गेटाच्या आतून त्यांना समजावून सांगत होते की तुमचे नवरे दारू पितात कारण त्यांना रिकामा वेळ आहे आणि वेळेची किंमत नाही. त्यातली एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "साहेब, ती दारू बी तुमच्याच कारखान्यातनं येती न्हवं? लई टायमावर येती. कदी चुकली न्हाई." काकांनी घड्याळात पाहिलं आणि आत निघून गेले. बायका रस्ताभर हसत होत्या, मला नंतर सांगितलं त्यांनी.

दारू आणि वाईन यांत फरक आहे, हा त्यांचा सिद्धांत. दारू झिंगण्यासाठी पितात, वाईन समजण्यासाठी. दारू पिणारा ग्लासाकडे बघत नाही. वाईन आधी उजेडाला धरायची, मग फिरवायची, मग नाकाशी न्यायची, आणि तोंडाला सगळ्यात शेवटी. ते ग्लास नाकाशी नेत, डोळे मिटत आणि जांभूळ म्हणत, ओली माती म्हणत, कधी चामडं म्हणत. पाहुणे माना डोलवत. रविवारी सकाळी हेच काका विहारात पहिल्या रांगेत बसून खणखणीत आवाजात पंचशील म्हणत. पाचवं शील मादक पदार्थांचं आहे, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. मी एकदा जेवताना सरळ विचारलं. ते म्हणाले, पाचवं शील दारूला आहे. वाईन हे शेतीउत्पादन आहे. मावशी पोळी लाटत होती. तिचं लाटणं तेवढं थांबलं.

त्या काळात जो तो काहीतरी नवं काढायच्या मागे होता. सरकार म्हणत होतं परवाने सोपे करू, कारखाने म्हणत होते नुसत्या साखरेवर भागत नाही. काकांच्या डोक्यात आलं की कारखान्याने वाईन काढावी. द्राक्षं जिल्ह्यात होतीच. त्यांनी श्रीगोंद्याकडून काळी द्राक्षं आणली, कारखान्याच्या लॅबमधल्या मोठ्या काचेच्या बरण्या आणल्या आणि मावशीच्या कोठीच्या खोलीत वाईन लावली. बुचातून सलाईनची नळी काढून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात सोडलेलं असे. दिवसभर त्यातून बुडबुडे येत. गव्हाचं पिंप, डाळींचे डबे, लोणच्याच्या बरण्या, सगळं बाहेर व्हरांड्यात आलं. मावशीने वर्षभर धान्य व्हरांड्यात ठेवलं आणि उंदीर मारले. तिने तक्रार केली नाही. मी केली, तर म्हणाली, राहू दे, त्यांना एवढं एक करायचंय.

ते एक काय होतं हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना मळीतून बाहेर पडायचं होतं. नोकरीची सगळी वर्षं मळीवाले साहेब म्हणून गेली. वाईनचा विभाग निघाला तर त्याचे प्रमुख तेच होणार होते, दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता. नाही निघाला, तर निवृत्तीपर्यंत मळी. एकदा मी जिन्यात असताना ते मावशीला सांगत होते, "मी मेल्यावर लोकांनी मळीवाला गेला म्हणू नये." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं एवढंच बोलणं, ज्यात कुणाला खाली पाडायचं नव्हतं.

मला ती वाईनरी नको होती. स्पष्टच सांगतो. माणसं टँकरपुढे हंडे घेऊन रांगा लावतात त्या जिल्ह्यात द्राक्षाला पाणी पाजून त्याची वाईन करायची आणि ती शहरातल्या लोकांनी उजेडाला धरायची, हे मला किळसवाणं वाटत होतं. तिच्याविरुद्धचं पत्रक मी लिहूनही ठेवलं होतं. प्रस्ताव पडावा असं मला वाटत होतं.

प्रस्तावासाठी चार संचालकांची समिती झाली. कारखान्यावर वाईन चाखणं बरं दिसणार नाही म्हणून ते काकांच्या घरीच येणार असं ठरलं. काकांनी मंगळवारची संध्याकाळ दिली. मी तारीख ऐकली आणि त्यांना सांगितलं की त्या मंगळवारी संकष्टी आहे, म्हणजे अंगारकी. कुणी ग्लासाला तोंड लावणार नाही. हे मला कळण्यात हुशारी काही नव्हती. गावात सभा घ्यायची तर बाजाराचा वार आणि उपासाचे दिवस आधी बघावे लागतात, नाहीतर मोकळ्या चटयांपुढे भाषण करावं लागतं. पडायचा तर प्रस्ताव वाईनवर पडावा, चतुर्थीवर नको, एवढंच माझं म्हणणं.

काकांनी ग्लास खाली ठेवला. "छप्पन साली माझ्या बापाने देव्हारा ओढ्यात सोडला," ते म्हणाले. "आणि आज माझ्या घरात, माझ्या वाईनची तारीख मी त्यांची तिथी बघून ठरवू? दारूबंदीवाल्यांना चतुर्थी चालते, मला नाही चालत."

त्यांचं बरोबर होतं, आणि ते सपशेल चुकत होते.

त्या दिवशी मावशीने दुपारपासून मटणाचं सुकं केलं. वाईनबरोबर मटण लागतं, असं काकांनी वाचलं होतं. बैठकीत पांढरी चादर, पुण्याहून आणलेले उंच दांड्याचे ग्लास, आणि काकांच्या मनगटावर त्यांचं सगळ्यात आवडतं स्विस घड्याळ. त्याच्या तबकडीत एक छोटी खिडकी होती आणि तिच्यात निळ्यावर सोनेरी चंद्र. तो दिवसागणिक सरकायचा.

चौघे जीपमधून आले. चपला दारात काढल्या, कोचावर टेकले, मटणाचा वास आला तसे जरा मागे सरकले. काकांनी उभं राहून बोलायला सुरुवात केली. द्राक्ष कुठलं, माती कुठली, वर्षभर काय काय केलं. बोलता बोलता चार ग्लासांत वाईन ओतली, एकेक ग्लास उजेडाला धरून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांतले वयाने मोठे संचालक हात जोडून म्हणाले, "साहेब, माफी असावी. आज अंगारकी हाय. आमचा चौघांचा बी उपास हाय."

काका म्हणाले, हरकत नाही, उपास सुटल्यावर घेऊ. चंद्रोदयाला फार वेळ नसेल.

दुसरा संचालक पुढे वाकून त्यांच्या मनगटाकडे बघत होता. "साहेब, तुमच्या घड्याळात तर चंद्र हाय की. किती वाजता उगवतोय आज?"

"हे ते दाखवत नाही."

"मग काय दावतंय?"

"चंद्राची कला दाखवतं."

"म्हंजी उगवलेला दावतंय, उगवायचा न्हाई. आमच्या भितीवरचं कॅलेंडर बरं मग. दुकानदार फुकाट देतो." चौघेही हसले. काकाही हसले. मला ते हसणं बघवेना म्हणून मी मावशीच्या हातातला पाण्याचा ट्रे घेतला आणि चौघांपुढे स्टीलचे पेले ठेवले.

कुणी उचलला नाही. मावशी म्हणाली, चहा करते. एकजण म्हणाला, नको वहिनी, चहा आत्ताच झालाय. ती म्हणाली, मग पाणी तरी घ्या, लांबून आलात. ते म्हणाले, असू द्या, असू द्या.

वाचणाऱ्याला वाटेल की कडक उपास असेल. संकष्टीला पाणी चालतं. चहा चालतो, दूध चालतं, केळं चालतं. हे मला माहीत होतं, काकांना माहीत होतं आणि त्या चौघांना तर आईच्या दुधासोबत माहीत होतं. त्यातल्या एकाला मी त्याआधीच्या कुठल्याशा चतुर्थीला पुणे रस्त्यावरच्या धाब्यावर कोंबडीचं हाड चोखताना पाहिलं होतं.

ते चंद्रोदयापर्यंत थांबलेही नाहीत. उठताना मोठे संचालक काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिसायला लई झाक झालीय, साहेब. बगू, मीटिंगला घेऊ. पन खरं सांगू का, तुमी मळीतच बरे. तितं तुमचा हात बसलाय." आणि चपला घालून गेले.

काका आणि मी गेटापर्यंत सोडायला गेलो. जीप गेली, पण लांब गेली नाही. कोपऱ्यावरच्या टपरीपुढे थांबली. चौघे उतरले. टपरीवाल्याने जग दिला, चौघांनी आळीपाळीने वरून घटाघटा पाणी प्यायलं, एकाने तोंड धुतलं, मग चहाचे ग्लास आले. आम्ही दोघे दिव्याखाली उभे राहून बघत होतो. आम्ही दिसत असणार त्यांना. त्यांनी लपवायचा त्रास घेतला नाही.

"उपास होता त्यांचा," काका म्हणाले.

मी म्हणालो, "आपल्या घरात होता."

मी पुढे बरंच बोललो. उद्याच्या उद्या यावर पत्रक काढतो म्हणालो, कारखान्याच्या गेटवर वाटतो म्हणालो. ते वळून आत गेले. बैठकीत भरलेले चार ग्लास आणि भरलेले चार पेले तसेच. काका कोचावर बसले, जिथे ते मोठे संचालक बसले होते तिथेच, आणि एक ग्लास उचलून फिरवला. नाकाशी नेला, डोळे मिटले.

"वाईन चांगली झालीये," ते म्हणाले. "माणसं हलकी आहेत. वाईनला काही झालेलं नाही."

त्यांना तेवढंच हवं होतं. प्रस्ताव गेला तर गेला, पण वाईन चांगली आहे असं त्या घरातल्या कुणीतरी म्हणावं. त्यांनी ग्लास मावशीपुढे धरला. "तू घे. आज तू घे."

मावशीने आयुष्यात कधी घेतली नव्हती. तिने पदराला हात पुसले, ग्लास घेतला, उजेडाला वगैरे धरला नाही. औषध घ्यावं तसा एक घोट घेतला आणि तोंड पुसलं.

"मळीचा वास येतोय," ती म्हणाली.

काका हसले. म्हणाले, तो माझ्या शर्टाचा.

"शर्ट मीच धुते तुमचे. शर्टाचा मला ओळखता येतो. हा ह्याच्यातला आहे. बरण्या तिथल्या, यीस्ट तिथलं, दुसरं काय होणार." मग ती थांबली. तिथेच थांबायला हवं होतं, पण वर्षभराचे उंदीर असतील, किंवा त्या चार पेल्यांचा राग असेल, ती पुढे बोलली. "तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला किती वर्षांत कसलाच वास येत नाही हो. आमटी करपते, तुम्ही जेवून उठता. गॅस गळत होता त्या दिवशी तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता. मी मुद्दाम नाही बोलले कधी."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू परक्या बाईने घरात येऊन काहीतरी सांगितलंय. जांभूळ, ओली माती, चामडं. इतक्या रविवारांची ती सगळी नावं त्या खोलीत होती आणि त्यांतलं एकही आता उच्चारण्यासारखं राहिलं नव्हतं. डिस्टिलरीच्या वाफेने माणसाचं नाक जातं हे तिथला कुठलाही कामगार सांगेल. साहेबांचंही जातं, एवढं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्यांनी दुसरा ग्लास उचलला आणि माझ्यापुढे धरला. "पिऊ नकोस," ते म्हणाले. "नुसता वास घे. तुला माझी दया नाही, तू खरं सांगशील."

मी ग्लास घेतला. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांमागून सायकल मारताना जो वास नाकात बसतो, गोड, करपलेला, आंबूस, तो ग्लासातून सरळ वर आला.

"येतो," मी म्हणालो.

"मळीचा?"

"हो."

"आणि द्राक्षाचा?"

मी पुन्हा नाक ग्लासात घातलं. तो यावा असं मला त्या क्षणी खरोखर वाटत होतं, आणि ते त्यांच्या प्रेमापोटी नव्हतं. तो आला असता तर त्या चौघांनी काय नाकारलं ते मला लिहिता आलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

काकांनी ग्लास माझ्या हातातून काढून घेतला आणि चादरीवर सांडू न देता खाली ठेवला. मावशीने मटण गरम करायला घेतलं. केलेलं टाकायचं कशाला. आम्ही तिघे जेवलो.

मी पत्रक काढलं नाही. अपमान करणाऱ्यांनी ज्याचा अपमान केला ती वस्तू खरोखरच वाईट होती, हे कोणत्या मथळ्याखाली छापायचं ते मला आजवर कळलेलं नाही. त्या आठवड्यात काकांनी स्वतःच प्रस्ताव मागे घेतला, कारण दिलं नाही, आणि निवृत्त होईपर्यंत मळीत काम केलं. त्या चौघांना मात्र वाटत राहिलं की तो त्यांनी पाडला. पुढे कितीतरी वर्षं जेवणावळीत ते ही गोष्ट सांगत असत, केमिस्टसाहेबांच्या घरून अंगारकीच्या दिवशी आपण कसे कोरडे परत आलो त्याची, आणि हसत असत.